सरळ उतरणारी रेषा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. विषय मराठी आणि इतिहास. आलेखाशी माझे सूत दहावीलाच तुटले होते. तरीही धाकट्या भावाच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या वहीतील एक पान माझ्या मनातून जात नाही.

आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर पदार्थाची संहती. रेषा सरळ उतरली तर अभिक्रिया शून्य कोटीची. पदार्थ कितीही असो, तासाला तेवढाच संपणार. वक्र होऊन उतरली आणि संहतीचा लॉगॅरिदम मांडताच सरळ झाली, तर प्रथम कोटीची. तेथे निम्मे व्हायला दर वेळी सारखाच काळ लागतो. भाऊ म्हणाला, "तापाची पॅरासिटामॉल अशी, दोन-तीन तासांत रक्तात निम्मी. दारू मात्र पहिल्या चित्रासारखी."

दारूचे नाव निघाले आणि मी सावरून बसले. आमचे बाबा ट्रक चालवतात. नांदुऱ्यावरून जाणारा धुळे-नागपूर महामार्ग हेच आमचे शेत. सुटीच्या रात्री ते घेतात. गल्लीला ठाऊक आहे, मग येथे काय लपवायचे? त्यांचे एकच म्हणणे, "झोप झाली का उतरते थे."

किती झोप? यकृतातील विकर म्हणजे स्टेशनवरची एकुलती तिकीटखिडकी. रांग लांबली म्हणून आतल्या बाबूचा हात भरभर चालत नाही. १०० मिलिलिटर रक्तातून तासाला साधारण १५ मिलिग्रॅम दारू जाते. माणसागणिक थोडे कमीजास्त. रात्री ११ ला १५० असेल तर पहाटे ५ ला ६० उरते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३०. तेथे पोचायला सकाळचे ७ वाजतात. गार पाण्याची आंघोळ, कोरा चहा, कशानेही रेषेचा उतार बदलत नाही. (अगदी तळाशी ती जराशी वाकते म्हणे, पण तोवर ट्रक मलकापूर ओलांडून गेलेला असतो.)

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी ही रेषा काढली. मुलीने बापाला शिकवावे हे आईला रुचले नाही. बाबांनी मात्र पाचच्या आकड्यावर बोट ठेवले. "याच टायमाले तं मी निघतो." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सातले निघालो तं चालन का?"

"तुम्ही सुरुवात कितीपासून करता त्यावर आहे, बाबा," मी म्हटले.