बरोबरीत सुटलेला डाव

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत झाली. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि आंध्र प्रदेशाची ३८ वर्षांची कोनेरू हंपी. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. नातू वैतागून म्हणाला, "आजोबा, हा कसला खेळ! कुणी जिंकतही नाही, हरतही नाही."

मला आमची आगाशीची ओटी आठवली. दादा आणि मी मुंबईला नोकरीला. आपापल्या कचेरीच्या संघातून दोघेही सामने खेळत असू. हार कुणालाच खपत नसे. त्या वर्षी घराच्या वाटण्या झाल्या. केळीची वाडी वाटता आली, बावखल कसे वाटणार? पाण्याच्या पाळीवरून बोलणेच तुटले.

दिवाळीत आईने हट्ट धरला म्हणून पट मांडला. तीन तासांनी दोन राजे आणि माझे एकच प्यादे उरले. पण ते अगदी कडेच्या पट्टीत. दादांचा राजा त्याच्या पुढच्या कोपऱ्यात जाऊन बसला, तो हलेना. प्यादे शेवटपर्यंत रेटले, तर त्याला शह नाही आणि सरकायला घरही नाही. नियमाने तीही बरोबरीच. जास्तीचे प्यादे असून मी अडलो होतो.

दादा म्हणाले, "सोड रे आता. यातून कुणालाच काही मिळायचे नाही."

मी हात पुढे केला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. आईने चहा आणला, तेव्हा पाण्याचा विषय मीच काढला. दिवसाआड पाणी घ्यायचे ठरले. ते माझ्या मनाजोगते नव्हते, दादांच्याही नव्हते. पण त्या उन्हाळ्यात दोघांच्याही केळी तगल्या.

तिकडे बाटुमीला जलद डावांतला पहिलाही बरोबरीत सुटला. पुढचा डाव २८ जुलैला दिव्याने जिंकला, विश्वचषक मिळवला आणि ग्रँडमास्टरही झाली. नातू नाचू लागला. "बघा, शेवटचाच डाव खरा!"

मी म्हटले, "बाळा, आधीचे तीन तिने राखले, म्हणून हा चौथा आला."

स्पर्धेला विजेता लागतोच. भावाभावांत तो लागतोच असे नाही. दादा आज नाहीत. त्यांचा मुलगा आणि मी अजून दिवसाआडच पाणी घेतो.