प्लेड म्हणजे घोंगडी

आपल्याकडे शर्ट घेताना दुकानदार ‘प्लॅड’ म्हणाला की त्याला चौकड्यांचं डिझाइन अपेक्षित असतं. स्कॉटलंडमध्ये त्या चौकड्यांना टार्टन म्हणतात. प्लेड (हो, उच्चार ‘प्लेड’च) हे खांद्यावर घ्यायचं कापड, आणि मूळ गेलिक शब्दाचा अर्थ सरळ कांबळं. हे मला कळलं तेव्हा मी ग्लासगोतल्या एका दुकानात, भाड्याच्या किल्टसाठी पोट आत ओढून माप देत उभा होतो. मित्राचं लग्न होतं. नवरदेवाच्या बाजूने उभं राहणाऱ्या आम्हा तिघांना पूर्ण हायलँड पोशाख घालायचा होता.

किल्टला आठ वार कापड लागतं. नऊवारीपेक्षा एक वार कमी, आणि सगळ्या निऱ्या मागे. हे सांगितल्यावर दुकानातल्या काकांना काहीच कळलं नाही, पण फोनवर आई खूप हसली. वर छोटं काळं जाकीट, पुढे कमरेला स्पोरन नावाची चामड्याची पिशवी, उजव्या मोज्यात खोचलेली सुरी. आणि सगळ्यात शेवटी प्लेड. साधारण दीड मीटरचा चौकोन, कडेला झालर. त्याचं एक टोक चुण्या घालून डाव्या खांद्यावरच्या पट्टीखालून काढायचं, पुढे मोठ्या गोल ब्रोचने अडकवायचं आणि बाकीचं पाठीवर सोडून द्यायचं.

डावाच खांदा का, असं विचारल्यावर काका म्हणाले, उजवा हात तलवारीला मोकळा हवा म्हणून. मला एकदम आमचा आज्जा दिसला. माण तालुक्यातून दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जाणारा, डाव्या खांद्यावर घडी घातलेली घोंगडी आणि उजव्या हातात काठी.

म्हणजे मी समारंभासाठी भाड्याने घेत होतो ती मुळात घोंगडीच.

चारशे वर्षांपूर्वी हायलँडचा माणूस जे नेसायचा ते न शिवलेलं, चारपाच मीटर लांब लोकरीचं कापड होतं. माग अरुंद असायचे, म्हणून दोन पट्टे जोडून पन्हा मिळवायचे. खालच्या अर्ध्या भागाला निऱ्या घालून कमरेला पट्टा आवळायचा, वरचा अर्धा खांद्यावर अडकवायचा. पाऊस आला की तोच डोक्यावर, आपण घोंगडीची खोळ करतो तसा. रात्री पट्टा सोडला की अंथरूण-पांघरूण तयार. ही माणसं प्रामुख्याने गुरं राखणारी. पुढे अठराव्या शतकात खालचा भाग वेगळा होऊन आजचा किल्ट झाला. वरचा भाग आक्रसत गेला आणि माझ्या खांद्यावरच्या शोभेच्या तुकड्यावर येऊन थांबला.

पण कांबळ्याचा दरबारी पोशाख आपोआप होत नाही. मला कुतूहल होतं ते याचंच, कारण आमच्या घरात उलटं घडलं. देवाच्या कामात घोंगडीला मान असतो, जागरणाला ती अंथरली जाते. पण लग्नाचा फोटो काढायची वेळ आली की ‘आधी ती घोंगडी उचला’ असं कुणीतरी म्हणतंच.

तिकडे काय झालं? १७४६च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट हरले आणि त्याच वर्षी संसदेने हायलँड पोशाखावर बंदी घालणारा कायदा केला. त्यात प्लेडचं नाव घेऊन उल्लेख आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार. कांबळ्यासाठी! सूट होती फक्त फौजेतल्यांना. त्यामुळे १७८२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत हा पोशाख मिरवला तो मुख्यतः सरकारी पलटणींनी. अशाच दोन हायलँड पलटणी, ७४वी आणि ७८वी, २३ सप्टेंबर १८०३ला आपल्या जालन्याजवळ असईला मराठ्यांविरुद्ध लढल्या आणि बक्षीस म्हणून हत्तीचं चिन्ह घेऊन गेल्या. मला दुकानात दिलेलं गडद हिरवं-निळं टार्टन ‘ब्लॅक वॉच’ही पलटणीचंच, हायलँडवर पहारा ठेवायला उभारलेल्या. ज्याचं कुठलंच कुळ नाही त्याने हे घालावं, असा रिवाज. कुळनिहाय टार्टनची काटेकोर वाटणीही बरीचशी एकोणिसाव्या शतकातली, त्यामुळे मला परकेपणाचा संकोच फारसा वाटला नाही.

१८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. वॉल्टर स्कॉटने सोहळा रचला आणि राजा स्वतः किल्टमध्ये अवतरला, खाली कातडीच्या रंगाचे तंग मोजे घालून. उमरावांनी टार्टनची खरेदी केली. आणि याच्या थोडं आधी, १८१४ आणि १८१९ला, उत्तरेकडच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातून कुळांना घरं जाळून हुसकावलं होतं. जमीन कशासाठी हवी होती? मेंढ्यांसाठी. चेविएट जातीच्या, भरपूर लोकर देणाऱ्या.

हे वाचून मी बराच वेळ लॅपटॉपसमोर बसून होतो. आम्ही मेंढरांमागे चालणारी माणसं, चराईसाठी शेतकऱ्यांशी गोडीने बोलणारी, वनखात्याला टाळणारी. आणि इथे मेंढरं आली म्हणून माणसं गेली. कांबळं नेसणारा माणूस खोऱ्यातून गेला, मग कांबळ्याला दिवाणखान्यात जागा मिळाली. घोंगडीला असा मान मिळवायला एवढी किंमत पडणार असेल तर ती फोटोतून उचललेलीच बरी, असंही वाटून गेलं.

लग्न छान झालं. प्लेड मात्र भलती लहरी वस्तू आहे. चर्चबाहेर वाऱ्याने ती उडून माझ्याच तोंडावर आली, जेवताना खुर्चीच्या पाठीत अडकली. नाच सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी निमूट ब्रोच काढले आणि प्लेड हँगरवर गेल्या, कारण ‘स्ट्रिप द विलो’मध्ये जोडीदार बदलत गरगर फिरायचं असतं आणि ब्रोच कुणाच्याही जाळीदार बाहीत घुसू शकतो.

रात्री फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. सकाळी आज्जाचा व्हिडिओ कॉल. फोन नेहमीप्रमाणे कपाळाला लावलेला, त्यामुळे मला फक्त पटका दिसत होता.

“आरं, ते खांद्यावर काय? घोंगडं?”

“व्हय आज्जा, त्यांच्याकडचं.”

“लोकरीचं हाय न्हवं? पाऊस किती येळ धरतंय?”

मी म्हटलं, पावसात ते कुणी घालत नाही. पाऊस आला की आत पळतात.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पिन चांगली हाय. आमची सारखी घसरती. ती तेवढी घिऊन ये.”

ती पण भाड्याचीच होती.