हाताच्या मापाचं जाळं

अलास्कातली केनाई नदी हिमनद्यांचं पाणी घेऊन स्किलॅक सरोवरातून उतरते आणि कुक इनलेट या समुद्राच्या फाट्याला मिळते. जुलैमध्ये सॉकाय जातीचे सामन मासे समुद्रातली वाढ पुरी करून लाखोंच्या संख्येने याच मुखातून वर चढू लागतात. 10 ते 31 जुलै या काळात अलास्काच्या रहिवाशांना घरच्या खाण्यापुरते मासे धरायची इथे मुभा असते, आणि तेही फक्त दांड्याच्या जाळ्याने. जाळ्याचं कडं पाच फुटांहून रुंद नको आणि ते चालवायचं हातानेच. गढूळ, गार पाण्यात छातीपर्यंत उभं राहायचं. मासा दिसत नाही. तो जाळ्यावर आदळला की दांड्यातून हाताला धक्का बसतो. त्याच क्षणी दांडा पिळायचा, म्हणजे कडं आडवं पडतं आणि झोळीचं तोंड मिटतं. मग उलट्या पावलांनी जाळं ओढत काठावर यायचं. मासा मारायचा, कल्ला कापून रक्त वाहू द्यायचं, शेपटीची दोन्ही टोकं कात्रीने छाटायची आणि परवान्यावर नोंद करायची. छाटलेल्या शेपटीवरून हा मासा घरचा, बाजारातला नव्हे, हे कुणालाही ओळखता येतं. कुटुंबप्रमुखाला वर्षाला 25 मासे, घरातल्या प्रत्येक आणखी माणसामागे 10. त्यातला एकही विकता येत नाही.

या साध्या अवजारात एक मोठा विचार दडलेला आहे असं मला वाटतं. निसर्गाकडून किती घ्यायचं याची मर्यादा आपण नेहमी कागदावर लिहितो: कोटा, बंदी, दंड. अवजार मात्र जितकं जास्त ओरबाडेल तितकं चांगलं, असं धरून चालतो. मग एका बाजूला दिवसेंदिवस बळावत जाणारं यंत्र आणि दुसऱ्या बाजूला त्याला आवरू पाहणारा सरकारी कागद अशी झुंज लागते, आणि त्या झुंजीत बहुधा कागद हरतो. मर्यादेचा काही भाग अवजाराच्या घडणीतच असायला हवा. दांड्याच्या जाळ्यात तो आहे. एका खेपेला एखाद-दुसराच मासा येतो, तो जिवंत हाती येतो, आणि प्रत्येक मासा धरणाऱ्याच्या खांद्यांतून आपली किंमत वसूल करतो. नको असलेला मासा पाण्यात परत सोडता येतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

हा गुण किती मोलाचा आहे ते केनाईनेच दाखवून दिलं आहे. या नदीत सॉकायबरोबर किंग सामनही चढतो. 1985 साली इथे गळाला लागलेला 97 पौंडांचा, म्हणजे सुमारे 44 किलोंचा किंग हा आजही जागतिक विक्रम आहे. पण गेल्या काही वर्षांत केनाईचे किंग फार घटले. सॉकाय भरपूर आणि किंग मोजके, आणि दोघे येतात एकाच वाटेने, एकाच महिन्यात. फाट्याच्या पूर्व किनाऱ्यावरचे व्यावसायिक मच्छीमार पाण्यात ताणून ठेवलेली जाळी वापरतात. त्यात मासा कल्ल्यांनी अडकतो, आणि जाळं उचलेपर्यंत अनेकदा गतप्राण झालेला असतो. त्यामुळे किंगना वाचवायचं तर सगळी जाळीच बंद ठेवावी लागतात. 2023 च्या हंगामात तेच झालं. समोरून सॉकायचे थवे जात असताना या मच्छीमारांची कुटुंबं हात बांधून बसली. 2024 मध्ये त्यांना दांड्याची जाळी वापरायला परवानगी मिळाली, कारण त्यात आलेला किंग लगेच सोडून देता येतो. अलास्कातल्याच युकॉन नदीच्या खालच्या टप्प्यातही 2013 पासून याच विचाराने व्यावसायिक मासेमारीत हे जाळं आलं: चम सामन ठेवायचा, किंग पाण्यात सोडायचा. ज्याला जुनाट म्हणून बाजूला सारलं असतं, ते अवजार अशा पेचात उपयोगी पडलं.

यावर पहिला आक्षेप असा की जाळं लहान असलं तरी ते धरणारे हजारोंनी आहेत. केनाईच्या मुखाशी जुलैत काठावर गर्दी मावत नाही, मोटारच्या होड्याही उतरतात, आणि चांगल्या वर्षी तीन लाखांहून जास्त मासे याच जाळ्यांनी निघतात. मग अवजाराने काय आवरलं? हा आक्षेप खरा आहे. एकूण किती झालं हे जाळ्याला कळत नाही. म्हणूनच मुखापासून सुमारे 30 किलोमीटर वर मत्स्य खातं ध्वनिलहरींनी मासे मोजतं आणि अंडी घालायला पुरेसे मासे वर जात आहेत की नाहीत हे पाहून मासेमारी खुली ठेवतं किंवा आवरती घेतं. हिशोब कागदानेच ठेवायचा आहे. पण हिशोबाला उसंत लागते. जाळं हळू असलं की मोजणाऱ्याला वेळ मिळतो, आणि निर्णय एखादा दिवस उशिरा झाला तरी सगळं हातचं जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मासा जिवंत धरणं हाच गुण असेल, तर माशांच्या वाटेवर खांब ठोकून उभारलेले जुने सापळेही तो जिवंतच धरत. शिवाय श्रम कमी. तरीही 1956 मध्ये राज्यघटनेसोबतच अलास्काच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने या सापळ्यांविरुद्ध कौल दिला आणि 1959 मध्ये राज्य होताच ते गेले. कारण सापळे होते दूरच्या शहरांतल्या डबाबंद माशांच्या कंपन्यांचे. मासा जिवंत असला तरी त्याला सोडायचं कारण तिथे कुणालाच नव्हतं. तेव्हा सोडता येणं पुरेसं नाही. सोडायचं की नाही हे ठरवणारा माणूस त्याच पाण्यात उभा असावा आणि पुढच्या वर्षीही त्याच पाण्यावर त्याची चूल पेटणार असावी.

पोटाचा प्रश्नही टाळता येत नाही. व्यावसायिक मच्छीमाराने दांड्याच्या जाळ्यावर कर्जाचे हप्ते कसे फेडायचे, आणि नदीपासून लांब राहणाऱ्यांनी मासा खायचाच नाही का? सगळ्या समुद्रावर हेच जाळं लादावं असं मी म्हणत नाही. पाणी जिथे अरुंद आहे आणि दुबळी जात सबळ जातीबरोबर एकाच वाटेने येते, तिथे मोठ्या जाळ्याची कमाई दोन-चार हंगामांची ठरते. आपल्याकडेही महाराष्ट्राने 2016 मध्ये पर्ससीन, म्हणजे माशांचा थवा वेढून धरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर निर्बंध घातले, तेव्हा कोकणात उठलेला वादही अवजाराच्या आकाराचाच होता. छोट्या मच्छीमाराचं म्हणणं आणि केनाईचा अनुभव एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

शेवटी, कोणतंही अवजार न्याय देत नाही. अलास्कातल्याच कॉपर नदीच्या वरच्या अंगाला बॅट्झुलनेटास या जागी आटना हे तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत. 1964 मध्ये ती जागा त्यांना बंद झाली. तिथल्या केटी जॉन या वृद्ध स्त्रीने 1985 मध्ये न्यायालयात धाव घेतली. निकाल तिच्या बाजूने लागला, आणि 2001 मध्ये अलास्काचे गव्हर्नर टोनी नोल्स स्वतः तिला भेटले आणि राज्यातर्फे पुढे अपील न करायचं त्यांनी ठरवलं. आटनांची मासेमारीही अशाच मोजक्या, हाती चालणाऱ्या साधनांवर उभी राहिली होती. तरी हक्क नाकारला गेलाच. आधी कोणाचा घास, हे माणसांनीच ठरवायचं आणि त्यासाठी भांडावंही लागतं. पण ते ठरेपर्यंत नदीत मासा उरायला हवा. म्हणून मासेमारीचा नवा नियम लिहायला बसणाऱ्याने किती टन हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न असा असावा: या अवजाराने धरलेलं जिवंत सोडता येतं का, आणि सोडण्यात ज्याचं हित आहे त्याच्याच हातात ते आहे का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर कितीही कडक कोटा लावला तरी तो नियम मासा संपल्यावरच लागू पडेल.