गावभागातली माडी

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत, त्यांत सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्याच्या मालकीणबाईंचं नाव फार वर येतं. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना काकू म्हणायचो. 2004 साली नोकरीसाठी मी साताऱ्याहून सांगलीला आलो. विश्रामबागेकडच्या नव्या इमारतींचं भाडं झेपणारं नव्हतं, म्हणून वाड्याच्या माडीवरची एक खोली घेतली. हल्ली ज्याला वन आरके म्हणतात तशीच, एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात ओटा, भिंतीत कोनाडे आणि वर कडीपाट. नळ आणि संडास खाली, सगळ्यांत मिळून. काकूंनी डिपॉझिट मागितलं नाही. "पगार झाला की दे," एवढंच म्हणाल्या. परक्या गावात माझ्यावर पहिला विश्वास त्यांनी टाकला.

माझं बालपण साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला गेलं, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. कृष्णा म्हणजे घाट, देवळं, पर्वणीची आंघोळ, एवढंच मला ठाऊक. आमच्याकडे पडलेला पाऊस पुढे कुणाच्या उंबऱ्याशी जातो, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता.

वाड्याच्या चौकात एका सागवानी खांबाला वेगवेगळ्या उंचीवर जुने खिळे ठोकलेले होते. मी काही अडकवायला गेलो, तेव्हा काकूंनी थांबवलं. "राहू दे बाळ, पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा आहेत त्या. सासऱ्यांनी ठोकल्यात." पावसाळा लागला की त्यांचा सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला, "आयर्विनला किती?" 1929 सालच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. कोयना धरणातून किती पाणी सोडलं, कऱ्हाडला काय स्थिती, सांगलीतल्या दत्तनगर आणि सूर्यवंशी प्लॉटात पाणी शिरलं का, हे त्या क्रमाने विचारायच्या. पुराचं पाणी रस्त्याने नंतर येतं, आधी गटारातून उलटं फिरतं, तेव्हा बोळातल्या गटारावर नजर ठेवायची, हे मला त्यांनीच शिकवलं.

2005च्या पुरात त्याची प्रचीती आली. पाणी चौकात यायच्या आधी काकूंनी खालच्या बिऱ्हाडांचे सिलिंडर, धान्याचे डबे, पोरांची दप्तरं माझ्या खोलीत चढवली. स्वतःच्या घरातल्या वस्तू सगळ्यांत शेवटी. त्या रात्री माझ्या एका खोलीत सगळा वाडा झोपला. भाडं मी भरत असलो तरी ती जागा माझ्या एकट्याची नाही, हे मला कुणी बोलून दाखवावं लागलं नाही. पाणी उतरू लागलं तसा काकूंनी सगळ्यांच्या हाती खराटे दिले. गाळ ओला आहे तोवरच भिंती धुवायच्या, एकदा वाळला की खरवडावा लागतो. त्या महिन्याचं भाडं त्यांनी खालच्या कुणाकडूनच घेतलं नाही.

पुढे बदली होऊन मी साताऱ्याला परतलो. 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. काकू तेव्हा हयात नव्हत्या. मी त्यांच्या मुलाला सतत फोन करत होतो, इकडे पाऊस किती आहे, कोयनेचा विसर्ग वाढलाय का, ते कळवत होतो. सासऱ्यांच्या सगळ्या खिळ्यांवरून पाणी गेलं, पण माणसं आणि कागदपत्रं वेळेवर बाहेर पडली होती.

साताऱ्याच्या माणसाला सांगलीची काळजी लागली ती काकूंमुळे. पाटण-महाबळेश्वरला पावसाने जोर धरला, की आजही माझा पहिला फोन गावभागात जातो. "इकडचा पाऊस उघडलेला नाही, खालचं सामान वर घ्या," असं मी सांगतो. काकूंचं ऋण फिटणार नाही. पण जोवर त्या वाड्यात कुणी राहतं आहे, तोवर हा फोन करणं माझं काम आहे.