अर्थशास्त्राच्या पदवीचा जमाखर्च

बारावीचा निकाल लागला की आपल्या बडोद्यात घरोघरी एकच विषय असतो : पुढे काय? डॉक्टर, इंजिनिअर, सी.ए. असे उत्तर आले की विचारणारा समाधानाने मान हलवतो. ‘अर्थशास्त्र’ म्हटले की मात्र पुढचा प्रश्न तयारच असतो. आमच्या मुलीने हे उत्तर दिले तेव्हा शेजारच्या काकांनी तो मोकळेपणाने विचारला, "वळतर केटलुं?" म्हणजे घातलेला पैसा परत किती येणार?

प्रश्न व्यापारी वाटला तरी गैर नाही. खरे म्हणजे तो अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे. म्हणून आम्ही उभयतांनी ठरवले की नुसती चर्चा करायची नाही, वही-पेन घेऊन बसायचे. त्या हिशोबातून जे हाती लागले ते इतर पालकांना आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडत आहोत.

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली, घरी राहून आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकायचे. तेथे आर्ट्स फॅकल्टीत अर्थशास्त्र आहे आणि कॉमर्स फॅकल्टीत व्यावसायिक अर्थशास्त्रही आहे. दुसरी, परगावच्या खाजगी विद्यापीठात जायचे. सोयीसाठी ठोकळ आकडे धरले. घरी राहून तीन वर्षांचा फी, पुस्तके, जाणे-येणे मिळून दीड लाख. परगावी फी आणि वसतिगृह मिळून वर्षाला चार लाख, म्हणजे तीन वर्षांचे बारा लाख. घरच्या जेवणाचा खर्च वेगळा धरला नाही, कारण ती कॉलेजात गेली नाही तरी जेवणारच आहे. शिक्षणामुळे जो जास्तीचा खर्च होतो तेवढाच मांडायचा.

येथपर्यंत सगळे पालक येतात. पण आणखी एक खर्च आहे, जो कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो. बारावीनंतर ती नोकरीला लागली असती तर महिना बारा हजार मिळाले असते असे धरू. तीन वर्षांत ४ लाख ३२ हजार झाले. ते मिळणार नाहीत, म्हणजे तेही गेलेच. यालाच अर्थशास्त्रात पर्यायी खर्च म्हणतात. तो मिळवला की पहिल्या वाटेचा खरा खर्च ५ लाख ८२ हजार आणि दुसरीचा १६ लाख ३२ हजार होतो.

आता जमेची बाजू. पदवीमुळे पगार महिन्याला आठ हजारांनी, म्हणजे वर्षाला ९६ हजारांनी वाढला असे समजू. साधा भागाकार केला तर पहिला खर्च सहा वर्षांत आणि दुसरा सतरा वर्षांत भरून निघतो. पण दहा वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. सात टक्के व्याज धरले तर दहा वर्षांनी येणाऱ्या एक लाखाची आजची किंमत सुमारे ५१ हजारच होते. या नियमाने हिशोब पुन्हा मांडला, तेव्हा पहिली वाट आठ वर्षांवर गेली. दुसरीचे मात्र उत्तरच येईना! कारण १६ लाख ३२ हजारांवर सात टक्क्यांनी वर्षाचे व्याजच १ लाख १४ हजार होते आणि जास्तीची कमाई ९६ हजार. मुद्दलाला हात लागणारच नाही.

यात कर्जाची भर घालून पाहा. बारा लाखांपैकी दहा लाख आम्हाला बँकेतून काढावे लागले असते. दहा टक्क्यांनी दहा वर्षे मुदत धरली तर हप्ता १३ हजार २१५ रुपये येतो, आणि एकूण फेड होते सुमारे १५ लाख ८६ हजार. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम संपेपर्यंत आणि पुढे साधारण वर्षभर हप्ता नसतो हे खरे, पण व्याज तेव्हाही चढतच असते. आमच्या निवृत्तीला सात वर्षे उरली आहेत आणि धाकटा आठवीत आहे. तेव्हा हा आकडा आमच्यासाठी नुसता आकडा नव्हता.

अर्थात महागडी वाट नेहमीच तोट्याची असते असे नाही. तेथून पगार महिन्याला आठ नव्हे, पंचवीस हजारांनी वाढणार असेल तर चित्र पालटते. पण ते तसे होते का, याचा पुरावा माहितीपत्रकातील सर्वांत मोठ्या पगाराच्या आकड्यावरून मिळत नाही. मधल्या विद्यार्थ्याला काय मिळाले आणि किती जणांना काहीच मिळाले नाही, हे विचारावे.

दुसरा गोंधळ त्याहून बारीक आहे. अर्थशास्त्राचे पदवीधर जास्त कमावतात असे दिसले, तरी ते अर्थशास्त्रामुळे, की मुळातच हुशार आणि गणितात तयार मुले तिकडे जातात म्हणून? याचा छडा लावणारा एक अभ्यास ब्लीमर आणि मेहता या दोन अर्थशास्त्रज्ञांनी केला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या विद्यापीठात २००८ पासून काही वर्षे असा नियम होता, की सुरुवातीच्या अर्थशास्त्राच्या विषयांत २.८ गुणांकाच्या खाली असलेल्यांना हा विषय मुख्य म्हणून घेणे अवघड होई. रेषेच्या किंचित वरची आणि किंचित खालची मुले बुद्धीने जवळजवळ सारखीच. तरीही नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वरच्यांना अर्थशास्त्र घेतल्यामुळे वर्षाला सुमारे २२ हजार डॉलर जास्त मिळत होते, म्हणजे ४६ टक्के अधिक. यातला जवळजवळ अर्धा फरक ती मुले बँकिंग-वित्त अशा क्षेत्रांत गेल्यामुळे पडला होता. अमेरिकेतले आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू होणार नाहीत. पण विषयात स्वतःची ताकद आहे, आणि शिकून माणूस कोठे काम करतो यावर बरेच अवलंबून आहे, एवढे आम्ही त्यातून घेतले.

आपल्याकडे ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा पदवीनंतरच्या शिक्षणात आहे. १९६१ पासून असलेल्या भारतीय अर्थसेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्रातील किंवा त्याला जोडलेल्या विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागाचेही तसेच. नुसत्या बी.ए.वर थांबले तर वळतर थोडे, एम.ए.पर्यंत गेले तर दारे उघडतात. तेव्हा हाताशी असलेला पैसा पहिल्या टप्प्यावर संपवून टाकायचा की दुसऱ्यासाठी राखायचा, हा आमच्या घरचा खरा प्रश्न ठरला.

वही मुलीपुढे ठेवली. तिने सगळी बेरीज तपासली, एक चूकही काढली नाही, आणि म्हणाली, "आई, बाबा, हिशोब बरोबर आहे. पण मला हा विषय आवडतो, त्याचा रकाना कुठे आहे?"

यावर आम्हाला थोडे थांबावे लागले. आपल्या शहराच्या इतिहासात एक असा हिशोब आहे की जो कोणत्याच वहीत मावत नाही. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती दिली. अट होती दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी. १९१५ मध्ये त्यांनी अर्थशास्त्रात एम.ए. केले. १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला आले, पण अस्पृश्यतेपायी या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना आणि त्यांना परत जावे लागले. ही गोष्ट आपण बडोदेकरांनी विसरू नये. संस्थानच्या खतावणीत पाहिले तर ती रक्कम बुडालीच. पण १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ निघाला, लंडनची डी.एस्सी. मिळाली, आणि पुढे देशाला काय मिळाले ते आपण जाणतोच.

प्रत्येक मूल आंबेडकर होत नाही, आणि आमच्यासारख्यांचा खजिना महाराजांचा नाही. म्हणून आवडीचा रकाना आम्ही असा भरला : विषय तिचा, वाट आमच्या ऐपतीची. नावडत्या विषयात रेटत काढलेली तीन वर्षे स्वस्त असली तरी महागच पडतात. तिने येथेच, घरी राहून प्रवेश घेतला आहे. वाचलेल्या पैशातून दरमहा ठरावीक रक्कम तिच्या एम.ए.साठी बाजूला पडते, आणि धाकट्याच्या वाट्याला हात लागलेला नाही. गणित मात्र सोडायचे नाही, ही आमची एकच अट आहे. तिने ती कुरकुरत का होईना, मान्य केली.

विद्यार्थी मित्रांनो, गणिताचे हे कलम लक्षात ठेवा. आपल्याकडे कॉमर्सला बहुधा संख्याशास्त्र असते, म्हणजे आपण सगळे म्हणतो ते ‘आंकडाशास्त्र’. पण दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला बारावीला गणित असावे लागते. हे बारावीनंतर कळून उपयोग नाही, दहावीतच कळले पाहिजे.

शेवटी विश्वस्त मंडळींना दोन विनंत्या. वर्षातून एकदा आपल्या माजी विद्यार्थ्यांना बोलवावे आणि शिक्षणाला किती खर्च आला, पहिला पगार किती मिळाला, हे त्यांनी मुलांना स्पष्ट सांगावे. आणि शक्य झाल्यास शाळेने एक लहानसा बिनव्याजी निधी उभारावा, ज्यातून घेतलेले पैसे नोकरी लागल्यावर परत करायचे. असा निधी सुरू झाल्यास पहिल्या वर्षी आमच्याकडून पाच हजार रुपये धरावेत.