मामा तलावातले देशी मासे



भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतले बरेचसे जुने तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी ही जमीनदारी पद्धत गेली, तलाव सरकारजमा झाले आणि माजी मालगुजारी म्हणून ‘मामा तलाव’ ठरले. त्यांच्या पाण्यावर धान पिकते, माशांवर मासेमार ढिवर समाजाचे पोट चालते.

मत्स्योत्पादन वाढावे म्हणून या तलावांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले गेले. हे मासे मुळात उत्तरेच्या मोठ्या नद्यांतले. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. म्हणून बीज दरवर्षी विकत आणणे आले. सोबत आलेला गवत्या मासा तर पाणवनस्पतींचाच फडशा पाडतो. त्यात काठाने बेशरम ही झुडपी वनस्पती माजली, तळाशी गाळ साचला आणि मरळ, मागूर, शिंगी हे देशी मासे घटत गेले.

मरळीची वीण पाहिली तर कारण कळते. पावसाळ्यात नर-मादी उथळ पाण्यातल्या वनस्पती सारून मोकळे आळे करतात. अंडी तिथे तरंगतात आणि पिल्ले हिंडूफिरू लागेपर्यंत दोघे राखण करतात. वनस्पतीच नसल्या तर आळे करायचे कुठे? ढिवरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. योजना आखणाऱ्यांनी त्यांना विचारले नाही, इतकेच.

मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना विचारले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावसारख्या गावांत ढिवर स्त्री-पुरुषांनी काम अंगावर घेतले. पाणी उतरले की बेशरम मुळासकट उपटायची. नुसती छाटली तर पुन्हा फुटते. घट्ट झालेला तळ नांगरायचा. पावसाने चिखल झाला की चांगल्या तलावांतून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कुमुद या पाणवनस्पती आणून जिला मानवेल त्या खोलीला लावायच्या. वनस्पती रुजल्या तिथे देशी मासे पुन्हा जाळ्यात येऊ लागले, पाणपक्षीही वाढले.

कष्टापेक्षा कारभाराची अडचण मोठी. तलाव जिल्हा परिषदेचा किंवा पाटबंधारे खात्याचा, पाणी शेतकऱ्यांचे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे. त्यात एकाने दुसऱ्याला न विचारता खोलीकरणाचे यंत्र सरसकट फिरवले तर लावलेले सारे गाळाबरोबर ट्रॉलीत जाते. गाळ जरूर काढावा, पण उथळ काठाला हात लावू नये.