कमानीचे पाय

कार्ल्याच्या चैत्यगृहात विद्यार्थ्यांना नेले की आम्ही प्रथम छताच्या लाकडी कमानी दाखवतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या फासळ्या छत पेलत नाहीत. ते डोंगराच्या कातळानेच तोललेले आहे. बांधीव कमान मात्र दाबाने भार वाहते. तिचे पाय बाहेर सरकू पाहतात, त्यांना दोन्हीकडचे भक्कम आधार रोखतात. झुलत्या पुलाची तार ताणाने भार वाहते; तिची टोके आत ओढली जातात, म्हणून ती खडकात घट्ट रोवावी लागतात. दोहोंचे बळ टोकांच्या आधारांत असते, आणि पाहणाऱ्याची नजर तिथे क्वचितच जाते.

कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या दात्यांची नावे आजही वाचता येतात. आपल्या वसतिगृहासाठी मूठमूठ धान्य देणाऱ्या मायबापांची नावेही या स्मरणिकेत अशीच कोरली जावीत.